नीलाबाईंची टाच

रोवण्याच्या, म्हणजे धानाच्या लावणीच्या, दिवसांत संध्याकाळी नीलाबाई शेंडे यांच्या अंगणात बायका येऊन बसतात. कुणाच्या पोटऱ्यांवरचा चिखल अजून वाळलेला नसतो. एखादी कमरेवर हात ठेवून उभीच राहते, कारण बसलं तर पुन्हा उठता येणार नाही. नीलाबाई आधी चहा घेतात, मग पाय धुतात आणि दाराशी येतात. आलेली बाई उंबरठ्यावर पालथी पडते, डोकं घरात आणि पाय अंगणात. नीलाबाई चौकटीला धरून उजवा पाय उचलतात आणि टाच तिच्या कमरेत मारतात. असं तीनदा. बाई उठते आणि न बोलता, मागे न पाहता घरी जाते. बोललं, मागे पाहिलं किंवा हातावर काही ठेवलं तर गुण येत नाही, असं गाव मानतं.

नीलाबाई पायाळू आहेत. जन्मताना त्यांचे पाय आधी आले. पायाळू माणसाची लाथ बसली की कमरेत भरलेली उसण उतरते, ही समजूत बऱ्याच गावांत आता फक्त गप्पांमध्ये उरली आहे. मोहबोडीत ती रोजच्या वापरात आहे. आरमोरीच्या पुढे, जंगलाला लागून असलेलं हे गाव धानाचं आहे. वरच्या अंगाला एक बोडी आहे, म्हणजे लहान तलाव. जंगलातल्या ओढ्याचं पाणी एका पाटानं बोडीत येतं. बोडीत ढिवरांची मासेमारी चालते आणि खालच्या बांध्यांना, म्हणजे धानाच्या खाचरांना, पाणी मिळतं. पाट गाळानं बुजू नये म्हणून दर उन्हाळ्यात ढिवर मिळून तो उपसतात. नीलाबाई आणि त्यांचे पती पत्रू हे त्यांच्यातलेच.

पायाळू असण्याची दुसरी बाजूही आहे. पायाळू माणसावर वीज पडते, असंही गाव मानतं. त्यामुळे रोवणा चालू असताना ढग गरजले की बांधीतल्या बायका कंबर सरळ करून आधी आभाळाकडे आणि मग नीलाबाईंकडे पाहतात. टोळीची म्होरकी ठमाबाई सगळ्यांच्या वतीनं बोलते.

"नीले, तू त्या धुऱ्यावर जाऊन बस व माय. आमाले लेकरंबाळं हायेत."

"अन् मले का कुत्र्याची पिल्लं हायेत?"

"तुले एकच हाये. आमाले जास्त हायेत."

नीलाबाई हातातले पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, टाकतात आणि दूरच्या धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, प्लास्टिक पांघरून एकट्या बसतात. "संध्याकाळी येजो मंग कंबर घेऊन," असं त्या तिथून ओरडतात. बायका हसतात. संध्याकाळी येतातही.

नीलाबाई आता अठ्ठावन्न वर्षांच्या आहेत. ठेंगण्या, काटक, पायांची बोटं फाकलेली. लग्न ठरताना मुलगी पायाळू आहे हे त्यांच्या वडिलांनी सासरी आधीच सांगून टाकलं होतं. सासऱ्यांची कंबर तेव्हा धरलेली होती. त्यांनी हरकत घेतली नाही.

मोहबोडीतल्या त्या शेवटच्या पायाळू ठरणार, हे जवळपास नक्की आहे. बाळंतपणं आता दवाखान्यात होतात. मूल उलटं असलं तर डॉक्टर पोट चिरून काढतात. ठमाबाईचा नातू असाच झाला. तो पायाळू धरायचा की नाही, यावर गावात बरीच चर्चा झाली. त्याचे पायही आधी आले नाहीत आणि डोकंही नाही, त्याला वरून उचललं, तेव्हा तो कशातच बसत नाही, असा निकाल लागला. ठमाबाईला तो अजून मान्य नाही. पोरगं चालायला लागल्यावर तिनं त्याला स्वतःच्या कमरेवर उभं करून पाहिलं. फरक पडला नाही.

कमरेतली उसण बहुतेक वेळा आठवड्या-पंधरवड्यात आपोआप सुटते. आखडलेला स्नायू सैल होतो. लाथ मारली तरी सुटते, नाही मारली तरी सुटते. नीलाबाईंच्या टाचेची कीर्ती यावर उभी होती. त्यांना हे ठाऊक नव्हतं. त्यांच्या अंगणात आलेल्या जवळजवळ सगळ्या बायका बऱ्या झाल्या होत्या, एवढं मात्र त्यांना ठाऊक होतं, आणि ते खरं होतं.

त्यांची एकुलती मुलगी रुपाली. लग्नानंतरही ती मोहबोडीतच राहिली, कारण तिचा नवरा निकेश याच्या घरी जमीन नाही. नीलाबाईंच्या घराला लागून दोघांनी एक खोली बांधली. मुलगी प्रिया आरमोरीला वसतिगृहात राहून शिकते. रुपाली बाराव्या वर्षापासून रोवण्याला जाते. आईच्या शेजारी उभी राहून, कमरेत वाकून, मागे मागे सरकत रोपं लावत जायचं. हाताचा वेग असा की जुन्या बायका तिला टोळीच्या टोकाला ठेवत, बाकीच्यांना ओढून नेण्यासाठी. पावसाळा संपला की धानकापणी, मग निकेशबरोबर तेलंगणात मिरची तोडायला, परत आल्यावर तेंदूपत्ता. ही सगळी कामं वाकून करायची आहेत.

तिची कंबर पहिल्यांदा धरली ती एका तेंदूपत्त्याच्या हंगामात. नीलाबाईंनी टाच मारली, ती बरी झाली. दुसऱ्यांदा मिरचीहून परतल्यावर. तेव्हाही बरी झाली, पण जरा उशिरा. तिसऱ्यांदा ऐन रोवण्यात. रुपाली तेव्हा बत्तीस वर्षांची होती. पऱ्ह्यांचा भारा उचलताना कमरेत काहीतरी तुटल्यासारखं झालं, असं ती सांगते. दोन बायकांनी धरून तिला घरी आणलं. संध्याकाळी अंगण रिकामं झाल्यावर ती उंबरठ्यावर पालथी पडली.

"जोरानं मार आई. मागच्या डावाले हळू मारली तू."

नीलाबाईंनी जोरानं मारली.

दोन-तीन दिवसांत रुपालीची कंबर मोकळी झाली. इथपर्यंत नेहमीसारखंच होतं. पण दुखणं गेलं नव्हतं, ते खाली सरकलं होतं. कुल्ल्यातून मांडीच्या मागून पोटरीच्या बाहेरच्या बाजूनं ते पायाच्या अंगठ्यापर्यंत गेलं. मग तिथं मुंग्या आल्या आणि मग अंगठा बधिर झाला. हे काही नीलाबाईंपासून लपलं नाही. उलट सगळ्यांनाच बरं वाटलं. उसण वरून खाली उतरते आणि शेवटी अंगठ्यातून बाहेर पडते, हे मोहबोडीत लहान पोरालाही सांगता येतं. बधिरपणा ही ती निघाल्याची खूण.

"कमरेत काई राह्यलं का?" ठमाबाईनं विचारलं.

"कमरेत नाई. सारं पायात आलं. आंगठा तर माहा हाये का दुसऱ्याचा तेच समजत नाई."

"मंग झालं की! उतरलं ना? आंगठ्यातून निघून जाईन. माह्या सासूचं असंच गेलं होतं."

चार दिवसांनी पत्रू बोडीवरून जाळं घेऊन आले. दुसऱ्या हातात एक चप्पल होती.

"काऊन रुपे, चप्पल काय मासोळ्याइले देऊन आली?"

"नाई बाबा, घालूनच आली ना मी."

सगळ्यांनी तिच्या पायांकडे पाहिलं. डाव्या पायात चप्पल होती, उजवा अनवाणी होता. बोडीच्या काठच्या पारीपासून घरापर्यंतचा दगडगोट्यांचा रस्ता ती तशीच चालून आली होती आणि तिला कळलं नव्हतं. त्या दिवशी सगळे पोट धरून हसले. रुपालीही हसली. दुखत नव्हतं, म्हणून ती दुसऱ्या दिवसापासून पुन्हा बांधीत उतरली.

बांधीत मागे सरकताना पायाचा चवडा चिखलातून वर उचलावा लागतो. उजवा चवडा उचलला जात नव्हता. ती मागच्या मागे पडली, उठली, पुन्हा पडली. टोळीतल्या पोरी म्हणाल्या, ताई, सकाळी सकाळी मोहाची घेऊन आली काय. ठमाबाई तेवढी हसली नाही. दहा-बारा दिवस असेच गेल्यावर तिनं रुपालीला धुऱ्यावर बसवलं, पाय धुतला आणि म्हणाली, "बोटं वर कर बरं." डाव्या पायाची बोटं वर झाली. उजव्या पायाची झाली नाहीत. निकेशनं शेजाऱ्याची मोटारसायकल आणली तोवर चप्पल निसटल्याला दोन आठवडे होऊन गेले होते.

आरमोरीहून गडचिरोली आणि तिथून चंद्रपूर. तिथल्या एका रुग्णालयात स्वाती मॅडम हाडांच्या डॉक्टर आहेत, मूळच्या वरोऱ्याच्या. त्यांनी एमआरआय काढायला लावला आणि फिल्म उजेडावर धरून तिघांना दाखवली. निकेश औषधाच्या रांगेत होता. रुपाली, नीलाबाई आणि पत्रू समोर बसले होते.

एमआरआयमध्ये मणक्यांच्या मधल्या गाद्या दिसतात. पाणी धरून असलेली गादी पांढरी दिसते, सुकलेली काळी. रुपालीच्या वरच्या गाद्या पांढऱ्या होत्या. खालच्या दोन काळ्या होत्या. त्यातल्या एकीचा तुकडा मागे सरकून, चवडा उचलणाऱ्या नसेवर बसला होता.

"ही गादी कापसाची नसते," स्वाती मॅडम म्हणाल्या. "आत घट्ट गर असतो. त्या गरात पेशी असतात, जिवंत, पण फार थोड्या. गर त्याच बनवतात. पाणी धरून ठेवतो तो हा गर. पेशींनी काम थांबवलं की गर सुकतो."

"अन् काम काऊन थांबवते?" नीलाबाईंनी विचारलं.

"शरीरात सगळीकडे रक्त पोचतं. या गादीच्या आत पोचत नाही. वरच्या आणि खालच्या हाडापर्यंत रक्त येतं. तिथून पुढं पेशीचं खाणं झिरपत झिरपत जातं, आणि तिची घाण त्याच वाटेनं परत येते. हाड आणि गादी यांच्यामध्ये एक पातळ पापुद्रा असतो. तो कडक झाला की झिरपणं कमी होतं. आतल्या पेशी उपाशी राहतात आणि आपल्याच घाणीत बसतात."

नीलाबाईंनी फिल्मकडे पाहिलं. "बोडीवानी," त्या म्हणाल्या. "पाट बुजला."

"हो. तसंच समजा."

"मंग मासोळी मरते."

"काही मरतात. पण जास्त त्रास म्हाताऱ्या होणाऱ्यांचा. त्या मरत नाहीत आणि कामही करत नाहीत. नुसत्या बसून राहतात, आणि असा रस सोडतात की आजूबाजूचा गर विरघळतो. त्या रसानं शेजारच्या पेशीही म्हाताऱ्या होतात. तुमची मुलगी बत्तीसची आहे, पण तिच्या या दोन गाद्या साठीच्या झाल्या."

"म्हणजे माह्या बरोबरीच्या," पत्रू म्हणाले. कोणी हसलं नाही.

"मंग पाट उपसा ना मॅडम," नीलाबाई म्हणाल्या.

"तो उपसता येत नाही."

"मशीननं?"

"कशानंच नाही. मोठ्या शहरांत, परदेशात प्रयोग चालू आहेत, गादीत नव्या पेशी सोडून पाहतात. पण उपाशी जागी नव्या सोडल्या तर त्याही उपाशीच राहतात. आज माझ्याकडं असं काही नाही जे मी हिला देईन आणि गादी पुन्हा पांढरी होईल. ऑपरेशन करून सरकलेला तुकडा काढता येतो. नस मोकळी होईल. गादी आहे तशीच राहील."

"पाय?"

"पाय पाहू."

मग स्वाती मॅडमनी कंबर धरल्यापासून काय काय केलं ते विचारलं. मालिश, झटका, काही? रुपाली आईकडे पाहत राहिली आणि नीलाबाई फरशीकडे. शेवटी पत्रूंनी सांगितलं, "ही पायाळू हाये जी. हिनं लाथ मारली."

स्वाती मॅडमना पायाळू म्हणजे काय ते समजावून सांगावं लागलं नाही. वरोऱ्यालाही पायाळू असतात. त्या रागावल्या नाहीत. फक्त विचारलं, "जोरात?"

"पोरगी जोरानं मार म्हणे," नीलाबाई म्हणाल्या. आणि मग, घरून निघाल्यापासून जे मनात होतं ते विचारलं. "माह्या लाथेनं झालं का?"

"सांगता येत नाही."

"नाई म्हणा, नाई तर हो म्हणा. मी ऐकून घेतो."

"खरंच सांगता येत नाही, मावशी. गादी दहा वर्षांपासून सुकत असेल. अशा गादीचा तुकडा शिंकल्यानंही सरकतो. भारा उचलल्यानं सरकतो. लाथेनंही सरकू शकतो. या फोटोत तारीख लिहिलेली नसते."

"मंग आधीपासून सुकली कशानं?"

"वाकून काम केल्यानं. लहानपणापासून."

"मीच नेत होती तिले रोवण्याले."

स्वाती मॅडमनी मग सूर बदलला. तसं पाहिलं तर वाकून काम गावात सगळ्याच करतात, त्या म्हणाल्या, पण सगळ्यांच्या गाद्या बत्तिसाव्या वर्षी अशा होत नाहीत. मोठा वाटा जन्मानंच येतो. कुणाच्या पेशी चिवट, कुणाच्या लवकर थकणाऱ्या. ते आईबापाकडून येतं, त्यात कोणाचा दोष नसतो. हे त्यांनी समोरच्या बाईचं ओझं कमी व्हावं म्हणून सांगितलं.

"म्हणजे कुठूनबी आलं तरी माह्यापासूनच आलं," नीलाबाई म्हणाल्या.

"माह्यापासूनबी आलं असंन ना," पत्रू म्हणाले. "बापाले तर कोणी इचारतच नाई."

नीलाबाईंनी तिकडे लक्ष दिलं नाही. "अन् माह्या नातीले?"

"येऊ शकतं. किंवा येणारही नाही."

"माही तर कंबर कधी धरली नाई, मॅडम."

"तुमचा फोटो काढला तर तुमच्याही काळ्या दिसतील कदाचित. कित्येकांच्या काळ्या असतात आणि दुखत नाही. का दुखत नाही, तेही आम्हाला पूर्ण माहीत नाही." स्वाती मॅडमनी फिल्म खाली काढली. "एक मात्र सांगता येतं. पायातून चप्पल निसटली त्या दिवशी इथं आला असतात, तर पाय परत येण्याची आशा जास्त होती. दुखणं थांबलं म्हणून तुम्ही थांबलात. नस दबून बधिर होते तेव्हा दुखणं थांबतंच."

त्या दिवशी नीलाबाईही हसल्या होत्या.

ऑपरेशन झालं. ते चांगलं झालं असं स्वाती मॅडम म्हणाल्या, आणि त्यात खोटं काही नव्हतं. मांडीतली कळ गेली. रुपाली पाठीवर झोपू लागली. चवडा मात्र उचलला गेला नाही. नस सावकाश जागी होते, वर्षभर वाट पाहा, असं सांगून त्यांनी व्यायाम शिकवला. पायाखाली बसणारी प्लास्टिकची एक पट्टी दिली, पोटरीला बांधायची. ती बुटात घालायची असते. रुपालीला बूट नव्हते, निकेशनं आणून दिले. सडकेवर त्या पट्टीनं चालता येतं. बांधीतल्या चिखलात नाही. ती पट्टी आता घरात खुंटीला लटकते आणि रुपाली आरमोरीला जायचं असेल तेव्हाच ती घालते.

त्या हिवाळ्यात तेलंगणातल्या मिरचीसाठी माणसं गोळा करणारा मुकादम आला तेव्हा रुपालीनं पट्टी बांधून त्याच्यासमोर अंगणात चालून दाखवलं. तो भला माणूस होता. त्यानं शेवटपर्यंत पाहिलं. मग म्हणाला, "बाई, तिथं सडक नाई." निकेश एकटा गेला. जाताना सासूला म्हणाला, "मामी, व्यायाम चुकवू देऊ नोका तिले." तेव्हापासून व्यायाम नीलाबाई करवून घेतात. रुपाली पाय लांब करून बसते. नीलाबाई उजव्या पायाची बोटं धरून चवडा वर ओढतात, थोडा वेळ धरतात आणि सोडतात.

पुढचा रोवणा आला. पहिल्याच संध्याकाळी अंगणात तीन बायका येऊन बसल्या. नीलाबाईंनी दारातूनच सांगितलं, "मी आता नाई मारत."

बायकांना हे अपेक्षित नव्हतं. कुणाला वाटलं, मुलीच्या दुःखानं बोलते. दुसऱ्या दिवशी पुन्हा आल्या. तिसऱ्या दिवशी ठमाबाई स्वतः आली, एका बाजूला पूर्ण वाकलेली.

"माह्या कमरेवर का राग हाये तुहा?"

"दवाखान्यात जा ठमे."

"आरमोरीचा दवाखाना गोळी देते अन् आराम करा म्हणते. रोवण्यात आराम? तू करशीन का माह्या वाट्याचा रोवणा?"

"माह्या लाथेनं काई होत नाई. मॅडमनं सांगितलं, गादीतल्या पेशी मरते म्हणून दुखते."

"मरू दे ना पेशी. मी का जगवा म्हणतो का? तू लाथ मार."

नीलाबाईंनी तिला उंबरठ्यावर पडू दिलं. चौकटीला धरलं, पाय उचलला आणि टाच तिच्या कमरेवर फक्त ठेवली. दाब दिला नाही. तीनदा ठेवली आणि काढली. ठमाबाई न बोलता, मागे न पाहता घरी गेली. आठवड्यानं ती बरी झाली.

तेव्हापासून त्या सगळ्यांना तशीच टाच लावतात. मात्र आधी आलेल्या बाईला चप्पल घालून अंगणात चालायला लावतात आणि तिच्या पायांकडे पाहत राहतात. बोटं वर करायला सांगतात. बायका याला हसतात. मोटारसायकलच्या लायसनची परीक्षा घेऊन राह्यली नीलाबाई, असं म्हणतात. मागच्या वर्षी एका सुनेच्या पायातून चप्पल निसटली. नीलाबाईंनी तिला टाच लावली नाही, आजच्या आज चंद्रपूरला ने असं तिच्या सासूला सांगितलं, स्वाती मॅडमचं नावही दिलं. सासूला वाटलं, आपल्या सुनेला नाही म्हटलं. सासू तिला नदीपलीकडच्या गावात एका पायाळू म्हाताऱ्याकडे घेऊन गेली. सून बरी झाली. दवाखान्यात गेलीच नाही. नीलाबाईंचा अंदाज चुकला होता का, की चप्पलच सैल होती, हे त्यांना कळलेलं नाही. गावानं मात्र आपला अर्थ लावला आहे. नीलाबाईच्या पायातला जोर गेला. पोरीवर खर्च झाला.

यंदाचा रोवणा हा ऑपरेशननंतरचा तिसरा. स्वाती मॅडमनी सांगितलेलं वर्ष कधीच संपलं आहे. शेवटच्या भेटीत त्यांनी चवड्याखाली हात धरून रुपालीला वर उचलायला सांगितलं, बराच वेळ वाट पाहिली आणि म्हणाल्या, "व्यायाम चालू ठेवा." पुढच्या भेटीची तारीख दिली नाही. नव्या फोटोत कमरेतली तिसरी गादीही आता राखाडी दिसते आहे. प्रिया सुट्टीत आली की टोळीबरोबर जायचा हट्ट धरते. नीलाबाई तिला घरी ठेवतात आणि कारण सांगत नाहीत.

रुपाली दिवसभर घरी जाळं विणते. फार वेळ बसलं की कंबर धरते, म्हणून मधे मधे उठते. आषाढातल्या एका संध्याकाळी अंगणात ठमाबाई आणि आणखी दोघी बसल्या होत्या. नीलाबाई पाय धुऊन दाराशी आल्या तर उंबरठ्यावर रुपाली पालथी पडलेली.

"ऊठ."

"मार."

"रुपे, बायका बसल्या हायेत."

"त्याइले बसू दे. मले ठाऊक हाये, तू त्याइले नुसता पाय लावते. मी आतून पाह्यतो ना रोज. मले खरी मार."

"ऑपरेशनची कंबर हाये ते."

"मंग काय होईन? पाय जाईन? तो तर गेला. मॅडमनं तरी काय केलं? तारीखबी नाई दिली. तुह्या लाथेनं गेला असंन तर तुह्या लाथेनं येईनबी."

नीलाबाईंनी चौकटीला धरलं. रुपालीच्या पोलक्याखाली कमरेवर चिरेची रेघ दिसत होती. त्यांनी उजवा पाय उचलला. टाच त्या रेघेच्या वर थोडा वेळ राहिली, टेकली नाही. मग त्यांनी पाय खाली घेतला आणि मुलीच्या पायांशी अंगणात बसल्या.

"नाई होत माह्याच्यानं."

रुपाली उठली नाही. तोंड घराच्या आत होतं, त्यामुळे ती रडत होती की काय ते अंगणातून कळत नव्हतं. नीलाबाईंनी तिचा उजवा पाय मांडीवर घेतला, बोटांत बोटं घालून चवडा वर ओढला आणि धरून ठेवला.

"झालं का वं?" ठमाबाईनं विचारलं. "आमचा नंबर हाये मागं."

"आज नाई."

"बरं. उद्या येतो."

बायका उठल्या, आपापल्या कमरेला हात लावून गेल्या. नीलाबाईंनी हात काढला. चवडा खाली पडला. त्यांनी तो पुन्हा धरला.